बारका काजवा ओळखायचाय: कॅमेरा की भिंग?

मे संपताना, पहिल्या सरी यायच्या आधी, नाशिकचे निम्मे लोक इगतपुरी-भंडारदऱ्याकडे काजवे बघायला पळतात. त्यात कधी तांदळाच्या दाण्याएवढा काजवा दिसतो आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "पिल्लू आहे रे!" पिल्लू नसतं ते. काजवा हा भुंगेऱ्यांचा भाऊबंद, पंख फुटले की वाढ संपली, पिल्लू म्हणजे ती बिनपंखाची जमिनीवर सरपटणारी अळी.

मग हा बारका कोणत्या जातीचा, हे ओळखायचं कसं? ट्रायपॉडवर मोबाईल लावून लाँग एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो) मारला की अख्खं झाड उजळलेलं येतं, लाईक पण भरपूर, पण त्यात किड्याचा आकार कळतच नाही, जवळचा बारका आणि लांबचा मोठा सारखेच ठिपके. हां, लुकलुक किती वेळाने होते हे बघायचं असेल तर सरळ व्हिडिओ घ्या, ते खरंच कामाचं आहे.

माझं मत विचाराल तर भिंगच. पारदर्शक डबीत हलकेच घ्या, खाली ग्राफ पेपर ठेवा, मिलिमीटर मोजा, वरून भिंगातून डोकं ढालीखाली (डोक्यामागचं कडक कवच) झाकलंय का बघा, मग उलटं करून पोटाचे उजेडाचे पट्टे बघा, बऱ्याच जातींत नराला दोन आणि मादीला एकच असतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, पांढऱ्या उजेडात ते लुकलुकायचंच बंद करतात (आणि शेजारचे लोक शिव्या घालतात ते वेगळं). दोन मिनिटांत काम उरका आणि जिथून उचलला त्याच फांदीवर सोडा.