घोडबंदर रोडची समर स्विमिंग बॅच: पोहायला छान शिकवतात, पण तोंड आवरायला हवं

५ पैकी ३ स्टार देतेय आणि का ते नीट लिहिते, कारण नुसते स्टार बघून कोणाला काही कळत नाही. क्लबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला जे म्हणायचंय ते ठाण्यातल्या कुठल्याही ग्राउंडला, क्लासला, शाळेच्या बसला लागू आहे.

आधी चांगलं सांगते. मे महिन्यातली २१ दिवसांची बॅच, सकाळी ७ ते पावणेआठ, पाणी स्वच्छ, लहान मुलांची बाजू साडेतीन फुटांची. एका सरांकडे आठ-नऊच मुलं देतात त्यामुळे लक्ष राहतं. पहिले चार दिवस नुसतं तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला लावले, अजिबात घाई केली नाही, आणि दहाव्या दिवशी माझी लेक बोर्ड धरून पाय मारत अर्धा पूल गेली तेव्हा मी काठावर उभी राहून रडले. शिकवण्याला पैकीच्या पैकी. चेंजिंग रूम लहान आहे, पार्किंगची बोंब आहे, आणि आठनंतर निघालात तर घोडबंदरच्या ट्रॅफिकचं मी वेगळं काय सांगणार.

आता मुद्द्याचं. माझी लेक ९ वर्षांची आहे आणि तिला दोन्ही कानांना मशीन आहे. दोन वर्षांची असताना बांद्र्याच्या अली यावर जंग इन्स्टिट्यूटमध्ये टेस्ट झाल्या, तेव्हापासून मशीन आणि स्पीच थेरपी चालू आहे, ती बोलते, भांडते, गाणी म्हणते. पण मशीन पाण्यात चालत नाही, पूलमध्ये उतरायच्या आधी दोन्ही काढून ठेवावी लागतात, म्हणजे तो पाऊण तास तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. हे फॉर्मवर लिहिलं होतं, मोठ्या सरांना समोर बसून सांगितलं होतं, ते म्हणाले काळजी करू नका ताई मी हाताने खुणा करेन, आणि शब्द पाळला त्यांनी. तिला काही सांगायचं असेल तर स्वतः पाण्यात उतरून तिच्या समोर यायचे, खांद्यावर हलकेच टॅप करायचे आणि मग बोलायचे. मी हे कोणाला शिकवलेलं नव्हतं, त्यांना आपसूक सुचलं.

प्रॉब्लेम धाकट्या सरांचा. पंचविशीतला मुलगा, मेहनती, मुलांना घाबरवत नाही, पण तोंडात सारखं एकच. शिट्टी मारली आणि कोणी थांबलं नाही की "ए बहिऱ्या! बहिरा आहेस का रे?" दुसऱ्याच्या लेनमध्ये घुसला की "आंधळा आहेस का?" पाय वाकडे मारले की लंगडा, सांगितलेलं डोक्यात शिरलं नाही की मंद. एका सकाळी मी काठावर बसून मोजलं, पाऊण तासात नुसतं 'बहिरा' ११ वेळा.

सहाव्या दिवशी ते तिच्या शेजारच्या मुलावर असेच ओरडले. तिने ऐकलं नाही पण पाहिलं. मशीन काढलं की ती ओठ वाचते. आता ओठांवर ब, प आणि म अगदी सारखे दिसतात, आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाबा' आणि 'मामा' म्हणून बघा, काही फरक दिसत नाही, कोण कुठे बसलंय आणि काय विषय चाललाय यावरून ती अंदाज बांधते. पण हा एक शब्द तिला पूलच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो, कारण तो म्हणताना माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला पाठ आहे. तिला वाटलं सर तिलाच बोलावतायत. ती सरकत सरकत काठाशी आली, हात वर केला आणि म्हणाली, "हो सर, काय?"

दोन-तीन मुलं हसली. सरांना काय झालं ते कळलंच नाही, ते म्हणाले तू नाही बाळा, तू जा.

येताना रिक्षात तिने विचारलं मला कशाला बोलावलं होतं. मी म्हटलं तुला नाही गं, त्या मुलाला म्हणाले. तर म्हणते, "पण तो बहिरा नाहीये." मग त्याला का म्हणाले? मानपाडा येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या सरांशी बोलले. ते खरंच ओशाळले आणि अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम तिला नाही हो बोललो, तिला कसा बोलेन मी, त्या मुलाला बोललो, तो तर नॉर्मल आहे." हा सगळा रिव्ह्यू मी या एका वाक्यासाठी लिहितेय. त्या मुलाला झोंबावं म्हणून जो शब्द उचलला तो माझ्या लेकीच्या यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, लिहिलेली साधी माहिती आहे, रक्तगट असतो तशी. पण पूलमधल्या बाकीच्या मुलांना त्यातून काय कळलं? की नीट वागला नाहीस तर तुला तिच्यासारखं म्हणू. ती त्यांच्याच रांगेत, बोर्ड धरून उभी असताना.

आणि ते खोटंही आहे ना. तो मुलगा शेजारच्याशी गप्पा मारत होता, त्याचं लक्ष नव्हतं एवढंच. बहिरं मूल असं कधीच करत नाही, त्याला परवडतच नाही. माझ्या लेकीची नजर पूर्ण वेळ सरांच्या हातावर असते, ती थकून जाते त्याने. बहिरा म्हणजे लक्ष न देणारा असं ज्याने पहिल्यांदा ठरवलं त्याने एकही बहिरं मूल जवळून बघितलेलं नसणार.

एका आईने मला सांगितलं केस करा, कायदा आहे. आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग माणसाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा आणि वर दंड आहे. पण या सरांच्या मनात तिचा अपमान करायचं नव्हतंच, आणि पंचविशीतल्या पोराला कोर्टात ओढून मला काय मिळणार. मला जास्त जवळचं वाटलं ते सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये म्हटलेलं. सिनेमात दिव्यांग माणसं कशी दाखवावीत यावरचा निकाल होता, त्यात 'क्रिपल', 'स्पास्टिक' अशा शब्दांचं उदाहरण देऊन कोर्टाने सांगितलं की शब्दांमुळे भेदभाव मुरत जातो. मुरतो हे मी लोणच्यासारखं डोळ्यांनी बघितलंय.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाची नाही. आमच्याकडे कोणी विचित्र वागलं की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणायचे, आणि मी ठाण्यात राहून ते म्हटलंय, वर्षानुवर्षं. १९०१ सालचं मनोरुग्णांचं हॉस्पिटल आहे ते, रोज लोक तिथे ओपीडीला येतात, औषधं घेतात आणि कामावर जातात. माझ्या ओळखीत एक घर आहे, त्यांचा मुलगा तिथून औषध घेऊन आता व्यवस्थित नोकरी करतोय, पण तिकडे जाताना कोणी भेटलं तर ते कोर्टनाक्याला काम आहे म्हणून सांगतात. तिथे जाणं ही आपण सगळ्यांनी मिळून शिवी करून ठेवलीय, मग ते दुसरं काय सांगणार.

लगेच कोणीतरी म्हणेल मग काय बोलायचंच नाही का, म्हणी पण टाकून द्यायच्या का. नाही हो. नाटकाचं वेड असू दे, पावसाचं वेड असू दे, त्यात कोणाला खाली ढकललेलं नाही. आणि नुसता शब्द बदलूनही भागत नाही. शाळांच्या पाट्यांवर चांगल्या हेतूने लिहिलेल्या 'मतिमंद'मधलाच 'मंद' आता मैदानात शिवी म्हणून फिरतोय, इंग्रजीतला 'मोरॉन' तर १९१० मध्ये डॉक्टरी शब्द म्हणूनच काढला होता. चेंजिंग रूमच्या बाहेर मी आठ वर्षांच्या पोराला "ए दिव्यांग" म्हणून हाक मारताना ऐकलंय. शब्द कुठलाही आणा, एखाद्याची अवस्था दुसऱ्याच्या अंगावर फेकायची सवय आहे तोवर तो नासणारच.

ओरडायलाच हवं असेल तर मराठीत काय कमी आहे का? आमची आजी म्हणायची "कानात बोळे घातलेत का?" किती बरोबर आहे बघा, तुला कान आहेत पण तू बुजवून ठेवलेत, चूक तुझी आहे. लक्ष कुठंय, झोपलायस का, ठोंब्या, टोणग्या, वाटेल ते म्हणा. मी हेच धाकट्या सरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

मोठ्या सरांनी मात्र एक काम केलं ज्यासाठी मी दोनाचे तीन स्टार केले. शिट्टी मारताना हातातला लाल बोर्ड डोक्याच्या वर धरायचा, लाल दिसला की सगळ्यांनी थांबायचं. डोक्यावर टोपी, कानात पाणी, वर तीस मुलांचा गोंगाट, शिट्टी तशीही कोणालाच धड ऐकू येत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून अख्खी बॅच थांबायला लागली. धाकट्या सरांच्या तोंडून शेवटच्या आठवड्यात तो शब्द दोनदा आला, एकदा अर्ध्यावर गिळला.

दिवाळीच्या सुट्टीत परत बॅच आहे म्हणे, आम्ही जाणार आहोत. तुमच्या मुलाला मशीन असेल तर सिलिका जेलवाली डबी घरून न्या, तिथल्या लॉकरमध्ये ओल असते, आणि पहिल्याच दिवशी लाल बोर्डाचं विचारून घ्या.