वकिलीचं शिक्षण: महाडीबीटीची सवलत की बँकेचं कर्ज?

बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करायचंय आणि घरचं उत्पन्न बेताचं आहे, तर समोर दोन रस्ते असतात. राज्याच्या लॉ सीईटीतून कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीने कॉलेज मिळवायचं आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर सवलतीचा अर्ज भरायचा. नाहीतर क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं आणि कर्ज काढायचं. माझ्या मते हा निर्णय नुसत्या फीवर घेऊ नये. सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर कुठे काम करायचंय, ते आधी ठरवावं.

जिल्हा न्यायालयात उभं राहायचं असेल तर पहिलाच रस्ता धरा. ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. ही नुसती शिफारस आहे. १० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १५ वर्षांत फेडायचं तर हप्ता पावणेअकरा हजारांच्या घरात जातो. मग खोलीभाडं कशातून द्यायचं?

महाडीबीटीवर खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज योजना आहे: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिकवणी शुल्क निम्मं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना त्याच मर्यादेत २०२४-२५ पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या आत फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो, त्यावर उत्पन्न गेलं की फक्त फ्रीशिप, म्हणजे भत्त्याशिवाय नुसती फी माफी. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलात तर राजर्षी शाहू योजना आणि मुलींची फी माफी दोन्ही हातच्या गेल्या. शिवाय मेस, खोली, डेव्हलपमेंट फी ही घरूनच भरावी लागते आणि सरकारी पैसा सावकाश येतो. खातं आधारला जोडलंय, पण डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग, म्हणजे बँकेतली वेगळी नोंद, झालेलं नाही, एवढ्यावरून शिष्यवृत्तीचा हप्ता अडकतो. बँकेत जाऊन नेमकं तेच विचारा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून जूनच्या गर्दीआधी काढून ठेवा.

कॉर्पोरेट फर्मकडे जायचंय आणि क्लॅटचा रँक चांगला आहे, तर कर्जाला घाबरू नका. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंतचं व्याज केंद्र भरतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना यादीतल्या संस्थांसाठी केंद्राच्याच पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ३ टक्के व्याज सवलत आहे, तीही वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतलीत तर ती मिळत नाही. मुद्दल मात्र दोन्हीकडे तुमचंच.

अनुसूचित जातीच्या मुलांनी कर्जाआधी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती योजना बघावी. उत्पन्नमर्यादा ८ लाख, आणि यादीत राष्ट्रीय विधी विद्यापीठंही आहेत. प्रत्येक संस्थेला जागा मोजक्याच मिळतात, म्हणून प्रवेश पक्का होताच विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती कक्षात चौकशी करा.