एम.एस्सी. मॅथ्स करून संशोधनात जावं, की आपल्याच विषयात राहून?

सांगलीत टी.वाय. संपत आलं की विश्रामबागेत चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास निघतो. संशोधनात जायचंय, तर आधी एम.एस्सी. मॅथ्स करून पाया पक्का करावा, की फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनिअरिंगमध्येच राहून लागेल तेवढं गणित उचलावं? मी दुसरी वाट धरली, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या वाटेचा फायदा खरा आहे. रिअल ॲनालिसिस, टोपॉलॉजी, फंक्शनल ॲनालिसिस हे विषय पुढे पीएच.डी.च्या धावपळीत एकट्याने पचवणं अवघड. थिअरॉटिकल फिजिक्स, कंट्रोल थिअरी, किंवा फायनाइट एलिमेंटचं (वस्तूचे छोटे तुकडे पाडून संगणकावर समीकरणं सोडवायची पद्धत) उत्तर खऱ्या उत्तराकडे सरकतं हे सिद्ध करायचं काम असेल, तर इथे काटकसर नको.

पण लॅबमधली रोजची कटकट निराळीच असते, आणि माझं पारडं तिनेच झुकवलं. हळद वाळवण्याचा साधा प्रयोग घ्या. उरलेल्या ओलाव्याचं प्रमाण 1 पासून खाली येतं, त्याला घातांकी वक्र बसवायचा. सगळे करतात ते असं: लॉग घ्यायचा, सरळ रेषा काढायची, उतारावरून वाळण्याचा दर. आता वजन करताना येणारी चूक 0.01 धरा. प्रमाण 0.9 असताना लॉगमध्ये ती साधारण 0.011 होते, 0.02 ला पोचलं की 0.5, म्हणजे 45 पट. रेषेला हे कळत नाही, ती सगळ्या बिंदूंना सारखंच मानते. शेवटचे दोन-चार डळमळीत बिंदू तिला हवी तशी ओढतात. आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळली याचं माप) छान दिसतो आणि दर चुकलेला असतो. उपाय सोपा: वक्र थेट बसवा, नाहीतर प्रत्येक बिंदूला प्रमाणाच्या वर्गाइतका भार द्या. गणित किती लागलं? एक डेरिव्हेटिव्ह आणि लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणं). हे शुद्ध गणितात सहसा भेटत नाही, कारण तिथल्या आकड्याला चूक चिकटलेली नसते.

अर्थात दुसरी वाट म्हणजे सॉफ्टवेअरचं बटण दाबणं नव्हे. गेट या एम.टेक. प्रवेश परीक्षेच्या बहुतेक इंजिनिअरिंग पेपरांत गणिताला 100 पैकी साधारण 13 गुण असतात, तेवढ्या तयारीवर भागत नाही. तिथला मॅट्रिक्स 3×3 चा. 12×12 हिल्बर्ट मॅट्रिक्सचा (1, 1/2, 1/3 अशा अपूर्णांकांचा मॅट्रिक्स) इन्व्हर्स संगणकावर नेहमीच्या, साधारण सोळा अंकी अचूकतेत काढून बघा. सोळा अंकांतला एकही भरवशाचा उरत नाही. म्हणून लिनिअर अल्जिब्रा एसव्हीडीपर्यंत (मॅट्रिक्सचे तीन सोप्या मॅट्रिक्समध्ये तुकडे पाडणं), प्रोबॅबिलिटी, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि न्यूमेरिकल मेथड्स, एवढं तरी हाताने सोडवून झालेलं हवं.

ज्या गाइडकडे जायचंय त्यांचे अलीकडचे तीन पेपर उघडा. पानोपानी प्रमेयं असतील तर कोल्हापूरला विद्यापीठात मॅथ्सचा फॉर्म भरा. एरर बार (आलेखात मोजमापातली चूक दाखवणाऱ्या रेघा) आणि फिटिंग दिसलं तर ती दोन वर्षं आपल्या विषयालाच द्या. दोन्ही थोडंथोडं दिसलं, तरी मी दुसरीकडेच झुकेन.