‘टाकी तुडुंब भरलीय’ म्हणत दारात येणाऱ्यांपासून सावध राहा

सेप्टिकची टाकी उघडली की ती भरलेलीच दिसते, आणि तशीच दिसायला हवी. घरातून जेवढं पाणी आत येतं तेवढंच दुसऱ्या बाजूच्या पाइपातून शोषचरांकडे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांकडे, निघून जातं. त्यामुळे पातळी कायम त्या पाइपाच्या तळाशी टेकलेली असते. आज टाकी रिकामी केली तरी घरात रोजचा वापर सुरू असला की ती पुन्हा तिथवर येतेच. ज्याला हे ठाऊक नाही त्याला झाकण उचलून “बघा, तुडुंब भरलीय” एवढं म्हटलं की काम झालं. माझ्या वडिलांना असंच लुबाडलं. वाळवंटी भागात घरं लांब लांब असतात, ड्रेनेजची लाइन नसते, ज्याची त्याची सेप्टिक. विचारायला शेजारीही जवळ नसतो. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाबा एकटे राहतात. पाहुण्यांसाठीच्या बाथरूममधून घाण वास येऊ लागला होता. त्याच सुमारास एक टँकर दारात थांबला. “इथे जवळच काम होतं, तुमचीही टाकी फुकट बघून देतो,” टँकरवाले म्हणाले. झाकण उघडलं, पाणी दाखवलं, मग अंगणातल्या मातीवरचा पांढरा थर नखाने खरवडून म्हणाले, “हे मैल्याचे क्षार. खाली चुनखडीचा कडक थर आहे, पाणी मुरतच नाही. शोषचर मेले. आज-उद्यात मैला उलटा घरात येईल.” म्हाताऱ्या माणसाला घाबरवायला आणखी काय लागतं? उपशाचे पैसे घेतले, जिवाणूंच्या पावडरीचे डबे गळ्यात मारले आणि नवे शोषचर खोदायचे म्हणून मोठी रक्कम आगाऊ नेली. त्यानंतर फोन उचलणं बंद.

त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, आणि मला सर्वांत जास्त संताप त्याचाच आहे. कोरड्या प्रदेशात जमिनीखाली चुनखडीचा दगडासारखा थर असतो आणि त्यातून पाणी सहज मुरत नाही, हे खरंच आहे. पण तो थर तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. इतकी वर्षं व्यवस्थित पाणी पिणाऱ्या चरांखाली तो अचानक कुठून येणार? जमिनीवरचा पांढरा पापुद्राही अशा भागात नैसर्गिक असू शकतो, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. चर तुंबल्याची खरी खूण वेगळी असते: आजूबाजूला सगळं वाळलेलं असताना चरांवरच गवत हिरवंगार, माती ओली आणि वास. बाबांच्या अंगणात यातलं काहीच नव्हतं.

“इथल्या उन्हाने टाकीतले जिवाणू मरतात, म्हणून पावडर,” हेही त्यांनी सांगितलं होतं. टाकी जमिनीखाली असते, वरच्या उन्हाची झळ तिथे पोहोचत नाही. उलट उबेत जिवाणू जास्त जोमाने काम करतात आणि ते मैल्यासोबत रोज आपोआप येतच असतात. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, स्पष्ट सांगते की नीट चालणाऱ्या घरगुती टाकीला अशा पावडरींची गरज नाही.

मग आम्ही ओळखीतून दुसरा माणूस बोलावला. त्याने आधी बाथरूममध्ये जाऊन जमिनीतल्या जाळीखाली बॅटरी मारली. खालचा ट्रॅप कोरडा ठणठणीत. ट्रॅपमधलं पाणी पाइपातला वायू अडवतं. न वापरलेल्या बाथरूममध्ये, त्यातही अशा कोरड्या हवेत, ते उडून जातं आणि वास थेट घरात शिरतो. त्याने बादलीभर पाणी ओतलं, वर थोडं खाद्यतेल सोडलं म्हणजे पाणी लवकर उडणार नाही. वास गेला. सेप्टिकचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

नंतर त्याने टाकीत पांढरं फडकं गुंडाळलेली लांब काठी बुडवली. काठी जिथपर्यंत काळी झाली तिथपर्यंत गाळ. ‘उपसलेल्या’ टाकीत गाळ जसाच्या तसा होता! त्या लोकांनी मोठं झाकण दाखवण्यापुरतं उघडलं, पण नळी तपासणीच्या बारीक पाइपातून घातली आणि वरचं पातळ पाणी तेवढं ओढून नेलं. टाकीला दोन कप्पे आहेत, दुसऱ्याला तर हातही लावला नव्हता. असा गाळ साचत गेला की शेवटी शोषचरांत जातो, आणि मग चर खरोखरच मरतात.

चर मेले आहेत का, हे उपशाच्या वेळीच कळतं. टाकीतली पातळी खाली गेल्यावर बाहेर जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटं आत वाहू लागलं, तर चर भरलेले आहेत. नाही वाहिलं, तर नव्या चरांचा विषय काढणाऱ्याला हा पुरावा विचारा. उपसा होत असताना कुणीतरी जवळ उभं राहिलंच पाहिजे, मात्र झाकणावर वाकून नव्हे. टाकीत तर कुणीही, कशासाठीही उतरायचं नाही. आतला वायू क्षणात जीव घेतो.

साधारण 3 ते 5 वर्षांनी उपसा करावा लागतो, पण तारखेपेक्षा मोजमाप महत्त्वाचं. वरचा तवंग आणि खालचा गाळ मिळून टाकीतल्या पाण्याच्या खोलीच्या चौथ्या भागापेक्षा जास्त झाले की टँकर बोलवायचा.

आणखी एक. मैला कुठे रिता केला त्याची पावती मागा. बाबांच्या घरून गेलेल्या टँकरने तो कुठे ओतला, आम्हाला कळलेलं नाही. अशा भागात कोरडी ओढ्याची पात्रं ओसाड पडलेली असतात, आणि पुढच्या पावसात तिथलं सगळं पाण्यात मिसळतं. जिथे विहीर हाच आधार, तिथे हा गुन्हा नुसत्या पैशांचा राहत नाही.

परवाने देणाऱ्या कार्यालयात आम्ही तक्रार केली आहे. तिथे पहिल्यांदा परवाना क्रमांक, टँकरच्या नंबरप्लेटचा फोटो आणि लेखी अंदाजपत्रक मागितलं. बाबांकडे फक्त हाताने लिहिलेली एक चिठ्ठी होती. आगाऊ दिलेली रक्कम अजून परत मिळालेली नाही.