पावसाळाभर वापरलेलं १० पटीचं भिंग: कीटक ओळख स्पर्धेच्या तयारीतला अनुभव

कीटक ओळख स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझं पहिलं सांगणं एकच: मोबाइलवरचं अ‍ॅप नंतर, फोटोंची पुस्तकं नंतर, आधी मुलाच्या गळ्यात १० पटीचं भिंग अडकवा. आमच्या पुण्यातल्या शाळेतली आठवी-नववीची मुलं मृग लागल्यापासून ते वापरतायत. कधी वेताळ टेकडीवर, कधी पाषाण तलावाच्या काठाला, आणि बहुतेक वेळा शाळेच्याच कुंपणाशी. आता थंडी सुरू झालीय, स्पर्धा तोंडावर आहे आणि भिंगाविषयी माझं मत पक्कं झालंय.

वस्तू साधी आहे. सराफ आणि घड्याळजी वापरतात तसलं घडीचं भिंग, स्टीलच्या कवचात मिटणारं. आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, म्हणून याला ट्रिप्लेट म्हणतात. एका काचेच्या भिंगातून पाहिलं की कडेला निळी-लाल झालर दिसते आणि पंखावरच्या शिरा पुसट होतात. ट्रिप्लेटमध्ये तसं होत नाही. आमची भिंगं रविवार पेठेतून सराफी हत्यारांच्या दुकानातून आणली. ब्रँड वगैरे काही नाही.

घेताना एक गोष्ट तपासाच. बाजारात ‘३० पट’ कोरलेली, २१ मिमी काचेची भिंगं स्वस्तात मिळतात. एवढ्या रुंद एका काचेतून ३० पट मिळणं शक्यच नसतं. घरी खात्री करून घ्यायला खिडकीसमोर उभं राहा, मागे पांढरा कागद धरा आणि भिंग पुढेमागे करून लांबच्या इमारतीची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट आणा. भिंगापासून कागदाचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २५० ला त्या आकड्याने भागा. अंतर २५ मिमी आलं तर भिंग खरोखर १० पटीचं. खऱ्या २० पटीच्या भिंगाला किड्याच्या सव्वा सेंटिमीटर जवळ जावं लागतं, दिसतो तोही किड्याचा जेमतेम तुकडा, आणि हात जरा हलला की सगळं धूसर. शाळकरी मुलांना १० पटच योग्य.

धरायची पद्धत पहिल्याच दिवशी शिकवा. भिंग किड्याजवळ नेऊन लांबून वाकून बघायचं नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, त्या हाताचा अंगठा गालाला लावायचा आणि दुसऱ्या हाताने किड्याची पारदर्शक डबी वर आणायची. दोन्ही हात एकमेकांना टेकले की थरथर थांबते. प्रकाश किड्यावर बाजूने, तिरका पडू द्यायचा. भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, हे मी दर वेळी नव्याने सांगते.

आता खरा मुद्दा. स्पर्धेत पेटीत टाचणीला लावलेले सुके नमुने समोर येतात, आणि किडा सुकला की रंगाचा भरवसा उरत नाही. हिरवागार नाकतोडा पिवळट तपकिरी होतो. चतुर आणि त्याच्याच नात्यातला, टाचणी नावाचा बारीक अंगाचा कीटक, यांचे सुंदर निळे-लाल रंग काळपटतात. फोटो पाठ केलेलं मूल तिथे अडतं. मिशा, पंख, तोंड, पाय यांची घडण मात्र सुकल्यावरही तशीच राहते. ती बघायची सवय भिंगाने लागते, म्हणून मी त्याच्यामागे एवढी लागलेय.

एक उदाहरण सविस्तर सांगते. टेकडीवरच्या रुईवर लाल-काळे ढेकूण बसलेले असतात. भेंडीवर आणि कपाशीवर असतो तो लाल ढेकण्याही लाल-काळाच. दोघं हेमिप्टेरा गणातले, दोघांना सोंड, दोघांच्या पुढच्या पंखांचं टोक पातळ पडद्यासारखं. लांबून मुलं दोघांना एकच नाव देतात. भिंगाखाली डोक्याचा वरचा भाग तिरक्या उन्हात धरायचा. रुईवरच्या ढेकणाला दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे, थोडे मागे, दोन चमकते ठिपके दिसतात. ते साधे डोळे. लाल ढेकण्याला ते नसतातच. कुळं वेगळी, पहिल्याचं लायजिडी, दुसऱ्याचं पायरोकोरिडी. आठवीतल्या एका मुलीला ते ठिपके पहिल्यांदा दिसले तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली, “बाई, आहेत! दोन आहेत!”, की सगळी मुलं धावत आली. त्यानंतर तो फरक कुणालाही पुन्हा शिकवावा लागला नाही.

शाळेतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर फुलोरी मधमाशी येते आणि तिच्यासारखे पिवळे-काळे पट्टे असलेली फूलमाशीही येते. मधमाशीला चार पंख, फूलमाशीला दोन, हे पुस्तकात असतंच. पण बसलेल्या मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी मोजणं कठीण. आम्ही मिशा बघतो. मधमाशीच्या कोपरात दुमडलेल्या, फूलमाशीच्या अगदी आखूड आणि वर एक केस. नमुना चांगला असेल तर फूलमाशीच्या पंखाच्या मधोमध एक शीर दिसते, जी दोन्ही टोकांना कशालाच जोडलेली नसते. ही खोटी शीर म्हणजे तिच्या कुळाची सहीच.

वांग्याच्या पानावरचा हड्डा आणि मावा खाणारा ढालकिडा यांच्यातही असंच. हड्ड्याच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मंद दिसतो. मावा खाणारे नेहमीचे ढालकिडे गुळगुळीत आणि चकचकीत. मृगाचा मखमली लाल किडा तर सगळ्यांचा लाडका, पण भिंगाखाली पाय मोजले की आठ भरतात. तो कीटक नव्हे, कोळ्यांच्या नात्यातला माइट. असे पाहुणे पेटीत मुद्दाम ठेवलेले असू शकतात.

अळ्यांसाठीही भिंग उपयोगी पडलं. मुळ्याच्या आणि मोहरीच्या पानांवर काळपट हिरवी अळी असते, तिला मुलं सरसकट फुलपाखराची किंवा पतंगाची अळी म्हणतात. पोटाखालचे मांसल पाय मोजायचे. फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांना ते जास्तीत जास्त पाच जोड्या. मोहरीवरच्या काळ्या माशीच्या अळीला आठ. ही ‘माशी’ खरं तर हायमेनॉप्टेरा गणातली, मुंग्या-मधमाश्यांच्या बाजूची. मक्यावरच्या लष्करी अळीच्या डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटाकडचे चौकोनात बसलेले चार ठिपके भिंगाखाली स्वच्छ दिसतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. फुलकिड्यांसाठी १० पट पुरत नाही. त्यांच्या पंखांची झालर बघायला प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकच हवा. एका वेळी एकालाच दिसतं, त्यामुळे मूल नेमकं काय बघतंय ते शिक्षकाला कळत नाही. मी आधी वहीत चित्र काढायला लावते, मग बोलते. जिवंत किडा स्थिर राहत नाही, त्याला पारदर्शक डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावं, नंतर जिथून आणला तिथेच सोडावा. फुलपाखरांना आम्ही हात लावत नाही, त्यांचे फक्त फोटो काढतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांतल्या अनेक जातींना संरक्षण आहे. भिंगाच्या बिजागरीचा स्क्रू काही महिन्यांत सैल होतो, चष्म्याचा छोटा पेचकस दप्तरात असू द्या. पुण्याच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, भिंगाच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवलीच पाहिजे. काच सदऱ्याच्या टोकाने पुसू देऊ नका, आधी फुंकर मारून धूळ उडवायची, मग चष्म्याचं फडकं.

आणि एक, स्पर्धेची नियमावली आधी नीट वाचा. वाळवीला पूर्वी आयसोप्टेरा असा स्वतंत्र गण होता, आता तिला झुरळांबरोबर ब्लॅटोडिया गणात धरतात. कुठली यादी चालणार ते संयोजकांना विचारून घ्या. स्वतःचं भिंग आत नेता येतं का, तेही त्याच वेळी विचारा. आमच्या स्पर्धेत येतं.

भिंग चार मुलांत एक घेऊ नका. वाट बघत उभं राहिलेलं मूल कंटाळतं आणि शेजाऱ्याचं उत्तर ऐकून लिहितं. पैसे कमी असतील तर खोकं, टाचण्या, छापील तक्ते यांतलं काहीतरी पुढे ढकला, पण प्रत्येकाला एक भिंग मिळू द्या.