घोडेमोडणीची तलवार आणि राइफ

गोव्यात डिचोलीकडच्या शिगम्यातल्या घोडेमोडणीचं, म्हणजे तलवारी घेऊन केल्या जाणाऱ्या लोकनृत्याचं, चित्रण माझ्याकडे सेकंदाला २५ फ्रेमचं आहे. ते ५० वर नेण्यासाठी मी राइफ हे दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः बनवणारं मुक्त-स्रोत एआय मॉडेल वापरतो. फुकट आहे आणि वेगही चांगला आहे.

कॅमेरा सावकाश फिरतो तिथे निकाल अप्रतिम. पताका, गुलाल, कमरेला बांधलेले लाकडी घोडे, सगळं कसं अलगद सरकतं. खरी परीक्षा तलवारीची. नाचणारा हात गर्रकन फिरवतो तेव्हा पातं एका फ्रेममधून दुसरीत इतकं लांब जातं, की मधल्या फ्रेममध्ये त्याचे दोन तुकडे दिसतात आणि मागच्या माणसाचा गाल पात्याबरोबर ओढला जातो. पात्याआड काय होतं याचा कुठल्याही मॉडेलला अंदाजच बांधावा लागतो, त्यामुळे हा दोष एकट्या राइफचा नव्हे.

माझं स्पष्ट मत: दुप्पटच करा. त्यात निम्म्या फ्रेम खऱ्या राहतात. चौपट केलं की चारातल्या तीन बनवलेल्या. तलवारीचे शॉट तर मी तीच फ्रेम दोनदा दाखवून तसेच ठेवतो. थोडा झटका चालेल, वितळलेला चेहरा अजिबात नाही! शॉट बदल ओळखण्याची सोय चालू ठेवाच, नाहीतर सांध्यावर एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं.

जुन्या कॅमकॉर्डरच्या पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) टेप असतील तर मात्र थांबा. त्यांत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, असतात. नीट डीइंटरलेस केलं, म्हणजे प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम केली, की सेकंदाला ५० खरे क्षण हाती लागतात. तिथे राइफ लागतच नाही.