कासी की कामोली? भूमध्य समुद्राकाठच्या दोन अवघड फेऱ्या

युरोपच्या सहलीत एक अख्खा दिवस मोकळा आहे, सह्याद्रीत पाय तयार झालेत आणि समुद्राच्या काठाने चांगला दमवणारा ट्रेक करायचाय, असं कुणी म्हटलं की मी दोनच वाटा सांगते. एक फ्रान्समधली. मार्सेच्या पूर्वेला कासी नावाचं बंदर आहे. तिथून निघायचं, कालांक नावाच्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या कड्यांमधून आं-व्होच्या चिंचोळ्या खाडीत उतरायचं आणि घळीतून वर चढून परत यायचं. दुसरी इटलीतली. जेनोआच्या पूर्वेला कामोली गावातून पोर्तोफिनोच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने वळसा घालायचा, सान फ्रुत्तुओझोच्या मठापाशी टेकायचं आणि डोंगरावरची खिंड चढून पुन्हा कामोलीत उतरायचं. दोन्ही फेऱ्या जिथून सुरू होतात तिथेच संपतात. व्हिसाही एकच, शेंगेनचा.

मी आणि माझी धाकटी बहीण दोन्हीकडे जाऊन आलो. तिला दृष्टिभयाचा, म्हणजे उंचावरून खाली पाहताना घाबरण्याचा, त्रास आहे, मला नाही. त्यामुळे एकाच वाटेबद्दल आमची मतं वेगळी पडली आणि निवड करताना तोच फरक सगळ्यात उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आधी दगडाबद्दल, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. कासीचा दगड म्हणजे चुनखडी. मूळचा तो खरखरीत असतो आणि आपल्या कोरड्या बेसॉल्टसारखाच बूट धरतो. पण आं-व्होच्या उतारावर इतक्या लोकांचे पाय पडलेत की मधली पट्टी जुन्या देवळाच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत झाली आहे. पाऊस नसताना, भर उन्हात, कोरड्या दगडावर माणूस घसरतो. आपल्याला घसारा माहीत असतो, शेवाळ माहीत असतं. हा प्रकार नवा आहे. उतार खडा आहे, पण दोन्ही बाजूंना भिंती आहेत, खाली मोकळी दरी दिसत नाही. बसून, हात टेकून, एकेक पायरी शोधत उतरता येतं. बहीण तशीच उतरली आणि तळाशी पोचल्यावर हसत होती.

चुनखडीची दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. पडेल तो पाऊस दगड पिऊन टाकतो. ओढा नाही, टाकं नाही, झरा नाही. नदी आहे, पण ती जमिनीच्या पोटातून वाहते आणि पोर-मियूच्या खाडीत पाण्याखालीच समुद्राला मिळते. म्हणून कासीतून निघताना माणशी किमान तीन लिटर पाणी घ्याच, वाटेत ते कुठेही मिळणार नाही. सावली पोर-पॅंच्या छोट्या पुळणीपाशी पाइनच्या झाडांखाली मिळते. पुढे पठारावर नुसता उजेड असतो, आणि पांढरा दगड तो उलटा तोंडावर फेकतो. गॉगल इथे चैनीची वस्तू नाही.

कामोलीकडची कथा वेगळी. डोंगराच्या दक्षिण अंगाचा दगड म्हणजे गोटे चिकटून बनलेला खडक. लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की डोळ्यांपुढे आणा, म्हणजे नेमकं चित्र मिळेल: तपकिरी गुळात अर्धवट बुडालेले दाणे, फक्त इथे दाणा मुठीएवढा, कधी डोक्याएवढा. कोरडा असताना या खडकासारखा पकडीचा दगड नाही, प्रत्येक गोटा म्हणजे एक खोबण. ओला झाला की मात्र त्याच गोट्यांवरून पाय सटकतो, आणि इथे सटकून चालत नाही.

का चालत नाही ते सांगते. कामोलीतून पायऱ्या चढत 221 मीटरवरच्या सान रोक्कोला पोचायचं. तिथल्या देवळासमोरून अख्खा आखात दिसतो. पुढे झाडीतून तासाभरात बात्तेरिए येतं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या तोफांची जागा. काँक्रीटचे बंकर अजून उभे आहेत. इथपर्यंत वाट मळलेली आहे. इथून पुढे वाटेच्या खुणा म्हणजे दोन लाल ठिपके, आणि थोड्याच वेळात पहिली साखळी. खडकाच्या पोटातून आडवं जायचं, डावीकडे भिंत, उजवीकडे थेट समुद्र. साखळी जाड आहे, खडकात पक्की ठोकलेली आहे, पाय ठेवायला जागाही पुरेशी आहे. तांत्रिकदृष्ट्या हे आपल्या हरिहरच्या पायऱ्यांपेक्षा कठीण नाही. पण टप्पा एकच नाही. एक संपला की झाडी लागते, जीव भांड्यात पडतो, आणि वळणानंतर पुन्हा साखळी येते.

दुसऱ्या साखळीपाशी बहीण थांबली. दोन्ही हातांनी साखळी धरून उभी होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. खाली पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड दिसत होते आणि त्यानेच खोली जास्त जाणवत होती. मी पुढे जाऊन तिच्या बुटाला हाताने जागा दाखवली, "ताई, बोलत राहा" एवढंच ती म्हणाली, आणि आम्ही तो टप्पा पार केला. आज ती म्हणते, जमलं याचा आनंद आहे, पण परत त्या वाटेला नेऊ नकोस. तिचं हे वाक्य मी जसंच्या तसं ठेवते. ज्यांना कलावंतीणच्या पायऱ्यांवर खाली पाहवत नाही, त्यांनी बात्तेरिएच्या पुढे जाऊ नये. माथ्यावरची वाट धरून मठापर्यंत जावं. मठ तोच, समुद्र तोच, साखळ्या नाहीत.

श्रमाचा हिशेब मांडला तरी कामोली जड आहे. सगळे चढ एकत्र केले तर नऊशे-हजार मीटर होतात, आणि त्यातला सगळ्यात वाईट चढ शेवटी येतो. मठापाशी समुद्रसपाटीला उतरलेले असता, पाय पाण्यात सोडलेले असतात, आणि तिथून पिएत्रे स्त्रेत्तेच्या खिंडीपर्यंत सुमारे साडेचारशे मीटर छातीवरचा चढ. थांबे धरून सात तास सहज जातात. कासीची फेरी दहा-बारा किलोमीटरची, चढ साधारण निम्मा, पाच तासांत निवांत होते. अर्थात ऑगस्टच्या उन्हात हेच पाच तास जास्त छळतील.

ऑगस्टचा विषय निघाला म्हणून महिन्यांबद्दल, कारण बरेच जण इथेच चुकतात. कालांक 2012 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि वणव्याचा धोका ही तिथली रोजची काळजी आहे. 1 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रोजच्या रोज ठरतो. उद्या वाट उघडी की बंद हे आदल्या संध्याकाळी रंगावरून जाहीर होतं. लाल म्हणजे बंद. मिस्त्राल नावाचा कोरडा वायव्य वारा सुटला की बंद होण्याची शक्यता वाढते. म्हणून आपल्या शाळांच्या सुट्टीचा हिशेब धरून जाणाऱ्यांनी मे संपायच्या आत कासी उरकावं. जून ते सप्टेंबर या काळात फक्त याच फेरीसाठी मार्सेचं तिकीट काढू नका, हाताशी दुसरा बेत ठेवा. कामोलीकडे उलट आहे. उन्हाळ्यात तिथे झाडीची सावली मिळते, पण शरद ऋतूत लिगुरियात, म्हणजे कामोलीच्या प्रांतात, मुसळधार पाऊस कोसळतो. 1915 च्या पुरात सान फ्रुत्तुओझोच्या चर्चचा काही भाग वाहून गेला होता. मठासमोर आज ज्या पुळणीवर लोक ऊन खातात ती त्याच पुरातल्या दगडगोट्यांची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर दिवसभराचा अंदाज पाहूनच निघा, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर साखळ्यांची वाट सोडून द्या.

मधेच माघार घ्यायची वेळ आली तर? कामोलीची मोठी जमेची बाजू इथे आहे. सान फ्रुत्तुओझोला गाडीरस्ता नाही, पण बोट आहे. कामोलीला अर्ध्या तासात पोचवते. पाय संपले, मन संपलं, तिकीट काढा आणि बसा. अट एकच, समुद्र शांत हवा. नैऋत्येचा वारा सुटला की बोटी बंद होतात आणि मग तो साडेचारशे मीटरचा चढ टळत नाही. कासीच्या बंदरातूनही बोटी निघतात, पण त्या खाड्या दाखवून परत फिरतात. आं-व्होच्या पुळणीवर बसलेल्या दमलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. उतरलात ते चढूनच यायचं.

खाण्यापिण्यात शाकाहारी माणसाची आबाळ कुठेच होत नाही. कामोलीच्या बेकऱ्यांमधून सकाळी गरम फोकाच्चा, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, घ्या, पाठपिशवीत कागदाला तेल सुटतं पण दुपारी तोच सोन्यासारखा वाटतो. दोन्ही किनाऱ्यांवर हरभऱ्याच्या पिठाचे पदार्थ आहेत हे मला फार जवळचं वाटलं. लिगुरियातली फारिनाता म्हणजे भट्टीत भाजलेलं जाड धिरडं, आणि मार्सेकडची पानिस म्हणजे बेसन शिजवून, थापून, कापून तळलेलं. पाटवडीच की ती! आईला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न होता, "वरून खोबरं-कोथिंबीर नाही घातली?"

गर्दीचं म्हणाल तर कासी गजबजलेलं असतं. पोर-मियूपर्यंत बाबागाड्या ढकलणारी कुटुंबंही भेटतात. तिथे दगडाच्या जुन्या खाणी आहेत, आता खाडीत ओळीने शिडाच्या होड्या लागतात. आं-व्होचा एकांत हवा असेल तर उजाडता उजाडता निघावं लागतं. साखळ्यांच्या वाटेवर मात्र आम्हाला तीन तासांत मोजून चार माणसं भेटली. मठापाशी बोटीने आलेली गर्दी होती, पण ती वाटेवर येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. एकच करायची असेल, पाय आणि डोकं दोन्ही उंचीला सरावलेलं असेल, आणि एप्रिल ते जूनमधला कोरडा दिवस मिळत असेल, तर कामोली. साखळ्यांवरून जाताना समुद्र जितका जवळ येतो तितका कालांकच्या पठारावरून येत नाही. सोबत कुणी घाबरणारं असेल, वेळ अर्ध्या दिवसाचाच असेल, किंवा वाटेपेक्षा पोहण्याची ओढ जास्त असेल, तर कासी. दोन पांढऱ्या भिंतींच्या मधलं आं-व्होचं निळं-हिरवं पाणी मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. बहिणीला विचाराल तर ती कासीच म्हणेल. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा तिकडेच निघाली आहे, यावेळी आईला घेऊन, पोर-पॅंच्या पुळणीपर्यंत.